शरद ऋतुचर्या आणि सदनिका

प्रास्ताविक

भाद्रपद सरत आला की तेरेखोलच्या खाडीवरील ढग विरळ होतात, दुपारचे ऊन एकाएकी तीव्र लागू लागते आणि चिकित्सालयातील तक्रारींचे स्वरूप बदलते. श्रावणात सांधेदुखी व अग्निमांद्य सांगणारे रुग्ण आता अम्लपित्त, अर्धा शिरःशूल, शीतपित्त, मुखपाक, नेत्रदाह व मूत्रदाह सांगू लागतात. वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त शरदातील सूर्यकिरणांनी प्रकुपित होते, हा सिद्धान्त आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. चरकसंहितेतील तस्याशितीय अध्याय आणि अष्टांगहृदयातील ऋतुचर्याध्याय यांत शरदाचे पथ्यापथ्य थोडक्यात पण सर्वांगांनी सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती करणे हा या लेखाचा हेतू नाही.

प्रश्न निराळा आहे. ग्रंथकारांपुढील गृहस्थाच्या घराला अंगण होते, जवळ विहीर अथवा नदी होती, रात्री चांदण्यात बसण्यास मोकळी जागा होती. आज आपल्याकडे येणारा रुग्ण पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. आरोंद्यासारख्या गावात अजूनही कौलारू घरे व मांगर आहेत. पण याच गावची कुटुंबे सावंतवाडी, कुडाळ, खाडीपलीकडे म्हापसा आणि दूर मुंबई-ठाणे येथे इमारतींत राहतात व चतुर्थीला गावी येतात. त्यांना 'चांदण्यात बसा, हंसोदक प्या' एवढेच सांगून भागत नाही. ते मान डोलावतात आणि काहीच करीत नाहीत.

सदनिकेतील ऋतुचर्येचा विचार करताना चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय फार उपयोगी पडतो. प्रकृती, आहार, देह, बल व वय भिन्न असूनही अनेक माणसांना एकाच काळी एकच व्याधी का होतो, या प्रश्नाचे उत्तर देताना तेथे वायु, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना सामान्य असतात असे सांगितले आहे. इमारतीला हे शब्दशः लागू पडते. टाकी एक, जिना एक, सांडपाण्याचा मार्ग एक. एका घराने पथ्य पाळले व वरच्या गच्चीवरील टाकीचे झाकण उघडे राहिले, तर पाळलेल्या पथ्याचा उपयोग किती? म्हणून सदनिकेतील ऋतुचर्या ही एका रुग्णाची नव्हे, तर संपूर्ण इमारतीची चर्या मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. या चार भावांच्या क्रमाने पुढील विवेचन केले आहे.

१. काल

या चार भावांत काल हा सर्वांत दुष्परिहार्य होय. तो बदलता येत नाही, केवळ ओळखता येतो. ऋतुचर्येच्या गणनेने आश्विन-कार्तिक हा शरद. तर शोधनाच्या दृष्टीने चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात कार्तिक-मार्गशीर्ष हे मास शरदाचे मानले आहेत आणि वाग्भटाचार्यांनी शोधनासाठी श्रावण, कार्तिक व चैत्र यांची निवड केली आहे. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. कोकणात आश्विनाच्या आरंभी पाऊस पूर्णपणे थांबलेला नसतो. भारतीय हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर धरली जाते. दक्षिणेकडे तो त्याहून उशिरा निघतो. दुपारी कडक ऊन, सायंकाळी गडगडाटासह सर आणि रात्री दमट उकाडा, असे मिश्र स्वरूप या काळात असते. दिनदर्शिकेवर शरद लागला तरी सृष्टीत तो लागला आहे की नाही हे पाहूनच शोधनाचा निर्णय घ्यावा.

ऋतुसंधीचे चौदा दिवस, म्हणजे सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात, हे विशेष जपण्याचे असतात. आपल्याकडे हा काळ पितृपक्षाचा उत्तरार्ध व नवरात्राचा पूर्वार्ध यांवर येतो. पहिल्या आठवड्यात वडे-खिरीचे गुरु भोजन, दुसऱ्यात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा व चहा यांवर उपवास! ग्रंथकारांनी जुनी चर्या क्रमाक्रमाने सोडण्यास व नवी क्रमाक्रमाने धरण्यास सांगितले, त्याच्या हे नेमके उलट होते. नवरात्रातील अम्लपित्ताचे बरेचसे कारण येथे आहे. उपवास मोडण्यास सांगू नये. तो वऱ्याचे तांदूळ, राजगिरा, दूध, शहाळे, मनुका व केळे यांवर करण्यास सांगावे. एवढा बदल रुग्ण आनंदाने स्वीकारतात.

२. वायु

सिमेंट काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. सर्वांत वरच्या मजल्यावर व पश्चिमेच्या भिंतीलगत झोपणाऱ्यास म्हणूनच आश्विनात रात्रीही दाह होतो. अशा रुग्णाला निवासाचे दोन-तीन प्रश्न विचारल्याविना दिलेली पित्तशामक औषधे अपुरी पडतात. कोणता मजला, पलंग कोणत्या भिंतीस लागून, खिडकी समोरासमोर आहे का, हे रुग्णपत्रिकेत नोंदवावे. पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून हलविणे, दुपारी ११ ते ४ या वेळात पश्चिमेच्या खिडकीवर जाड पडदा अथवा वाळ्याचा पडदा सोडणे आणि सूर्यास्तानंतर समोरासमोरील खिडक्या उघडणे हे उपाय विनाखर्चाचे आहेत. खिडक्या उघडावयाच्या तर त्यांना डासांची जाळी हवी. अन्यथा एक दोष घालवून दुसरा घरात घेतल्यासारखे होते.

वातानुकूलित खोलीतून थेट उन्हात व उन्हातून थेट थंड खोलीत जाणे हा शीतोष्णाचा व्यत्यास शीतपित्त व प्रतिश्याय यांना कारण होतो. यंत्र २६-२७ अंशांवर ठेवून बाहेर पडण्यापूर्वी काही मिनिटे बंद करणे, इतके सांगितले तरी पुरते.

धूपनाविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. गुग्गुळ, निंबपत्र, वचा इत्यादींचे धूपन चार बाजूंनी वारा खेळणाऱ्या घरासाठी सांगितले गेले. बंद सदनिकेत तोच धूर साठतो. दमेकरी, वृद्ध व बालक यांना बाहेर बसवून धूपन करावे, दहा मिनिटांनी सर्व खिडक्या उघडाव्यात. डास पळविण्यासाठी बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणे हे तर स्पष्टपणे निषिद्ध सांगावे. मच्छरदाणी हाच निर्दोष उपाय होय.

पावसाळ्यानंतर कपाटे उघडून गरम कपडे व रेशमी वस्त्रे बाहेर काढली जातात. त्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅफ्थॅलीन, हे जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकांत रक्तपेशींचा नाश घडवून कामला उत्पन्न करू शकते. बाळाची दुपटी व गोधड्या अशा कपाटातून काढून थेट वापरू नयेत. धुऊन, दोन दिवस उन्हात टाकूनच वापराव्यात. गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला, वेखंड यांच्या पुरचुंड्या सुचवाव्यात. अर्भकाच्या अंगास वा नाकाशी कापूर लावण्याची सवयही मोडून काढावी.

३. उदक

हंसोदकाचे वर्णन पाहता त्यात तीन गोष्टी अभिप्रेत दिसतात : दिवसा सूर्याने तापणे, रात्री चंद्राने शीत होणे आणि अगस्त्योदयानंतर निर्विष होणे. या दिवसांत पहाटे दक्षिण क्षितिजावर अगस्त्य तारा दिसतो. पावसाचा गढूळपणा सरून जलाशय निवळण्याचा हाच काळ. म्हणजे निवळलेले, उन्हाने शुद्ध झालेले व नंतर शीत झालेले पाणी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. इमारतीतील पाणी मात्र याच्या अगदी उलट प्रवास करते. ते तळटाकीत अंधारात राहते, पंपाने गच्चीवर चढते व तेथून नळाला येते. पावसाळ्यात तळटाकीत शेजारच्या गटाराचे पाणी झिरपण्याचा धोका असतो. म्हणून पाऊस ओसरताच, नवरात्रापूर्वी, दोन्ही टाक्या उपसून, घासून धुणे ही इमारतीची पहिली ऋतुचर्या समजावी. झाकण घट्ट बसणारे व हवेच्या नळीच्या तोंडास बारीक जाळी असावी.

टाकीत टीसीएल पावडर टाकणे आपल्याकडे सर्वपरिचित आहे. पण ती अंदाजाने टाकली जाते. पावडर टाकल्यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा व मग ओ. टी. चाचणीने नळाच्या पाण्यातील शेष क्लोरीन पाहावे. ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मिळाले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून ही चाचणी शिकून घेणे कोणत्याही सोसायटीच्या चिटणीसास कठीण नाही. पिण्याचे पाणी याउपरही खळखळून उकळावे आणि झाकून निववावे. ताप, वमन वा अतिसार असलेल्या रुग्णाच्या घरी तर याबाबत सवलत देऊ नये.

ज्यांच्या गॅलरीत पूर्ण ऊन येते, त्यांना आधुनिक काळात मान्यता पावलेली एक रीत सांगता येईल. स्वच्छ, रंगहीन, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली गाळलेल्या, निवळ पाण्याने भरून स्वच्छ उन्हात सहा तास आडवी ठेवल्यास सूर्यकिरणांतील अतिनील भागाने बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. आभाळ अर्धे झाकलेले असल्यास लागोपाठ दोन दिवस ठेवावी लागते. काचेची जाड वा रंगीत बाटली चालत नाही आणि गढूळ पाण्यावर परिणाम होत नाही. इंधन उपलब्ध असता उकळणेच श्रेष्ठ. तथापि प्राचीन संकल्पनेतील सूर्यतापाला असा आधार मिळतो हे वैद्याला ठाऊक असावे.

४. देश : निवासस्थान

येथे देश या शब्दाने सदनिका व तिचा परिसर घ्यावा. त्यात डास, उंदीर व ओल हे तीन मुद्दे शरदात निर्णायक ठरतात.

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो व मुख्यतः दिवसा चावतो. अनुकूल हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असताही अनेक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करणे एवढेच पुरेसे नाही. ती घासून पालथी घालावी लागतात. सदनिकेतील जागा ठरलेल्या आहेत : फ्रीजच्या मागील तबक, कुंड्यांखालील बशा, पाण्यात वाढविलेल्या मनीप्लँटची बाटली, वातानुकूलन यंत्राची नळी, गॅलरीतील रिकामा डबा, गच्चीवरील ताडपत्रीच्या घड्या आणि लिफ्टखालील खड्डा. यांतील शेवटच्या दोहोंकडे कोणतेच कुटुंब पाहत नाही, कारण त्या कोणाच्याच नसतात.

आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांच्या बाबतीत एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवावी. चतुर्थीसाठी मुंबईचे घर बंद करून माणसे मडुरे अथवा सावंतवाडी रोड स्थानकावर उतरतात आणि पाच, सात वा अकरा दिवसांनी परततात. निघताना पाणीटंचाईच्या सवयीने बादल्या व पिंप भरून ठेवतात. बंद घर, भरलेले पिंप आणि आठ-दहा दिवसांचा कालावधी, यांचा हिशेब मांडला तर परतल्यावर घरात काय वाट पाहत असेल हे सांगावयास नको. म्हणून गावी निघणाऱ्या रुग्णास आपण जशी औषधांची पुडी बांधून देतो, तशीच 'पिंप रिकामे, शौचकुपाचे झाकण बंद, फ्रीजचे तबक कोरडे' ही सूचनाही द्यावी. पावसाळाभर बंद राहिलेल्या सुटीच्या सदनिका आता आपल्या किनाऱ्यावर व गोव्यात पुष्कळ झाल्या आहेत. तेथे आल्यावर प्रथम खिडक्या उघडून सर्व नळ काही मिनिटे वाहू द्यावेत व टाकीतील जुने पाणी पिण्यास वापरू नये.

उंदरांचा संबंध लेप्टोस्पायरोसिसशी आहे. उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी व चिखल यांतून, पायावरील भेगा-जखमांवाटे हा जंतू शिरतो. भातशेतीच्या आपल्या प्रदेशात पावसाळ्याच्या उत्तरार्धात व भातकापणीच्या सुमारास तो आढळतो. सदनिकेत राहणारा या व्याधीपासून मुक्त आहे असे मानू नये. इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळात तुंबलेले पाणी आणि कचऱ्याची खोली ही त्याची शहरातील ठिकाणे. आणि चतुर्थीला गावी येऊन अनवाणी पायांनी मांगर झाडणे, व्हाळात उतरणे हे दुसरे कारण. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, म्हणजे रुग्ण तोवर आपल्या सदनिकेत परतलेला असतो.

ओलीविषयी थोडक्यात. कपाटामागील भिंतीवर धरलेली काळी बुरशी ही शरदातील कास-श्वासाचे व शिंकांचे कारण असते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, बुरशी कोरडी न झाडता साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी, गाद्या-उशा कडक उन्हात टाकाव्यात.

५. आहार

शरदात मधुर, तिक्त, लघु व शीत असे अन्नपान क्षुधा लागल्यावरच, मात्रेत घ्यावे. दही, क्षार, तैल, वसा, अतिभोजन, आतप व दिवास्वाप टाळावा, हा ग्रंथांचा सारांश. कोकणात याला अनुरूप द्रव्ये घरचीच आहेत. उकड्या तांदळाची पेज, मुगाचे कढण, पडवळ, दोडके, दुधी, तवसे, कारले, आवळा, शहाळे व साजूक तूप इतक्यांवर सामान्य माणसाची शरद ऋतुचर्या सिद्ध होते. सकाळी कार्यालयास निघताना चहा-पावावर राहणाऱ्या सदनिकावासीयास पेजेचा आग्रह धरावा; प्रेशर कुकरमध्ये ती रात्रीच शिजवून ठेवता येते, मात्र सकाळी गरम करून ताजे तूप घालून घ्यावी व सोबत लोणच्याऐवजी मुगाची अथवा पडवळाची भाजी असावी.

दोन स्थानिक प्रश्नांचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. पहिला माशांचा. औदक व आनूप मांस शरदात वर्ज्य सांगितले आहे. मालवणी माणसास मासे बंद करण्यास सांगितले तर तो वैद्य बदलतो. शिवाय ओकसात्म्याचा विचार शास्त्रानेच सांगितला आहे. पित्तविकार उघड असेल तेव्हा तळलेला व तिखटाचा मासा, सुके मासे आणि फ्रीझरमध्ये आठवडा-आठवडा ठेवलेला मासा बंद करावा. निरोग्यास ताजा मासा ओल्या नारळाच्या सौम्य आमटीत, दुपारी, आठवड्यातून दोन वेळा चालेल. मासे व दूध एकत्र नको.

दुसरा प्रश्न कोकमाचा. वृक्षाम्लास ग्रंथांत अम्ल व उष्ण म्हटले असूनही लोकव्यवहारात 'पित्तावर कोकम' रूढ आहे. साखर व जिरे घातलेले पातळ सरबत तहान व शीतपित्तात पुष्कळांना सोसते. परंतु उरात जळजळ, आंबट ढेकर असलेल्या रुग्णास लसूण-मिरची घातलेली सोलकढी दोन्ही वेळा देणे युक्त नाही. रुग्णाचा अनुभव विचारून निर्णय घ्यावा.

कोजागिरीचे दूध इमारतीच्या गच्चीवर सर्वांनी मिळून प्यावयाचे असते; चांदण्यातील विहाराचा शास्त्रोक्त हेतू येथे अनायासे साधतो. दूध मात्रेत असावे, भज्यांसह नसावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारची झोप टाळावी.

६. शोधन व औषधयोजना

विरेचन, तिक्तघृत व रक्तमोक्षण हे शरदातील प्रमुख उपक्रम. सदनिकेत एकच शौचालय व सकाळची घाई असते, हे लक्षात घेऊन विरेचनाचा दिवस सुटीचाच निवडावा व घरात मदतीस माणूस असल्याची खात्री करावी. मृदुकोष्ठी व धावपळीच्या रुग्णास ऋतुहरीतकीच्या संकेतानुसार हरीतकी चूर्ण शर्करेसह, अथवा मनुकांचा फांट, एवढे अनुलोमन पुरते. मधुमेही रुग्णास शर्करा वगळावी.

रक्तमोक्षणाबाबत प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे. या ऋतूत अनेक ठिकाणी जलौका व सिरावेध यांची शिबिरे होतात. ज्यास गेल्या दोन आठवड्यांत ताप येऊन गेला आहे, अथवा त्या दिवशी अंगमर्द व कसकस आहे, त्याचे रक्तमोक्षण करू नये. बिंबाणूंची संख्या घटलेल्या रुग्णात रक्तस्राव न थांबण्याचा धोका असतो. शिबिरातील नोंदपत्रिकेत ज्वराचा प्रश्न पहिला असावा आणि शंका असल्यास रक्तगणना पाहूनच पुढे जावे.

७. शरदातील ज्वर : सावधपणाची मर्यादा

हा लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. शरदात पित्ताने उत्पन्न होणारा ज्वर हा प्राकृत व सुखसाध्य मानला आहे. त्यात कफाचा अनुबंध असल्याने लंघनाचे भय नाही, असेही ज्वरचिकित्सेत म्हटले आहे. हे वचन सत्य आहे, परंतु त्याचा अर्थ शरदात येणारा प्रत्येक ज्वर प्राकृत आहे असा नव्हे. डेंग्यू, हिवताप व लेप्टोस्पायरोसिस हे तिन्ही याच काळात येतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत दाह, तृष्णा, शिरःशूल, नेत्ररक्तता अशा पित्ताच्याच वेशात येतात. सुखसाध्य समजून काढलेले तीन दिवस रुग्णास महागात पडू शकतात.

उदाहरणादाखल एक प्रसंग नमूद करतो. उपनगरातील चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थांनी दूरध्वनीवरून 'पित्ताचा ताप' सांगून कामदुधा व सूतशेखर किती घ्यावे, असे विचारले. तापाचा तिसरा दिवस होता. विचारता डोळे लाल पण चिपडे नाहीत, पोटऱ्या दाबवत नाहीत इतक्या दुखतात, लघवी कमी, असे कळले. गावी चतुर्थीस आल्यावर काय काय केले, असे विचारले तेव्हा पायास कापलेले असताना मांगराचा चिखल काढल्याचे त्यांनी सांगितले. त्यांना औषध न सांगता त्याच दिवशी रुग्णालयात जाण्यास सांगितले. तेथे लेप्टोस्पायरोसिसचे निदान झाले व वेळीच प्रतिजैविके मिळून ते बरे झाले. चौथा मजला ऐकून कोणाच्याही मनात हा व्याधी येणार नाही. तो आला तो एका प्रश्नामुळे.

यावरून पुढील मर्यादा पाळाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

(अ) ज्वर दोन दिवसांहून अधिक टिकल्यास रक्तगणना व हिवतापाची तपासणी करावीच. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एन-एस-वन व त्यानंतर आय-जी-एम चाचणी उपयुक्त ठरते.

(आ) तीव्र पोटदुखी, वारंवार वमन, हिरड्या-नाक-मल-मूत्रावाटे रक्त, अति ग्लानी वा अस्वस्थता, श्वास लागणे, लघवी कमी होणे, कामला, पिंडिकोद्वेष्टन यांपैकी एकही लक्षण दिसता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. आपल्या भागात ओरोसचे जिल्हा रुग्णालय व बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय यांचा आधार आहे. गाडीची व्यवस्था होण्यास वेळ लागतो, हे धरून निर्णय लवकर घ्यावा.

(इ) डेंग्यूमध्ये ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रुग्ण अकस्मात खालावू शकतो. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस रुग्णाकडे अधिक लक्ष ठेवावे.

(ई) लंघन म्हणजे निर्जल राहणे नव्हे. मुस्ता, पर्पटक, उशीर, चंदन, उदीच्य व नागर यांनी सिद्ध षडंगोदक, पेज, शहाळे व लाजामंड वारंवार द्यावेत.

(उ) तापात तीक्ष्ण विरेचन देऊ नये. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रुग्णाने स्वतः घेतल्या आहेत का, हे विचारून त्या बंद कराव्यात.

(ऊ) पपईच्या पानांचा रस पाजून घरी थांबण्याचा प्रघात वाढला आहे. बिंबाणूंचा आकडा हेच एकमेव मापक नव्हे. द्रवाचा तोल व वरील धोक्याची लक्षणे अधिक महत्त्वाची. रसाच्या भरवशावर रुग्णालय टाळणे धोक्याचे आहे.

८. औषधालयचालकांसाठी

शरदात 'पित्ताचे काहीतरी द्या' अशी मागणी रोज येते. अविपत्तिकर चूर्णाच्या मूळ पाठात त्रिकटु, त्रिफळा, मुस्ता, बिडलवण, विडंग, एला व पत्र हे अकरा घटक प्रत्येकी एक भाग, लवंग अकरा भाग, निशोत्तर चव्वेचाळीस भाग व शर्करा सहासष्ट भाग आहे. म्हणजे निम्मी साखर व एक तृतीयांश रेचक द्रव्य. मधुमेही, गर्भिणी व अतिसाराचा रुग्ण यांना ते विचारणा न करता देऊ नये आणि महिनोन् महिने नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. लघुसूतशेखर हे सोनगेरू, सुंठ व नागवेलीच्या पानांच्या रसाचे. परंतु सूतशेखर रसात वत्सनाभ व धत्तूर असतात, जी द्रव्ये कायद्याच्या अनुसूची ई-एक मध्ये मोडतात. नामसाम्यामुळे एकाच्या जागी दुसरे देणे टाळावे आणि सूतशेखर वैद्याच्या पत्राविना देऊ नये.

पावसाळाभर उघडझाप झालेल्या चूर्णांच्या बरण्या आश्विनात तपासाव्यात. गुठळी, कुबट वास, जाळे अथवा किडा दिसल्यास ते चूर्ण उन्हात वाळवून पुन्हा विकू नये, नष्ट करावे. ग्राहकास चूर्ण लहान, हवाबंद वेष्टनात द्यावे व ते गॅसच्या शेगडीवरील फळीवर न ठेवण्यास सांगावे. सदनिकेच्या स्वयंपाकघरातील ती सर्वांत उष्ण व दमट जागा असते. आणि मुख्य म्हणजे, 'तापावर पित्ताचे औषध' मागणाऱ्यास तापाचा कितवा दिवस, हा एक प्रश्न विचारावा. तिसरा दिवस असेल तर औषधाऐवजी वैद्याचा वा रुग्णालयाचा रस्ता दाखवावा.

समारोप

शरदापूर्वी प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील एखाद्या सोसायटीच्या बैठकीत अर्धा तास मागून घ्यावा आणि पाचच गोष्टी सांगाव्यात : टाक्या धुणे, आठवड्याचा कोरडा दिवस, गच्ची व लिफ्टच्या खड्ड्याची जबाबदारी एका माणसाकडे देणे, गावी जाताना पिंपे रिकामी करणे आणि तिसऱ्या दिवसाच्या तापास घरी न ठेवणे. नवरात्राच्या वर्गणीच्या बैठकीस सारे घरमालक एकत्र येतात. ती वेळ उत्तम.

जनपदोद्ध्वंसाचा अध्याय भगवान आत्रेयांनी गंगातीरी वनात फिरता फिरता सांगितला, तो व्याधी येण्यापूर्वी औषधी गोळा करण्याचा उपदेश करीत. येणाऱ्या संकटाची चाहूल आधी घेणे हे वैद्याचे काम, असा त्याचा अर्थ. पूर्वी ही चाहूल वनात व नदीकाठी घ्यावी लागे. आज ती गच्चीवरील टाकीचे झाकण उघडून घ्यावी लागते, एवढाच फरक.